कोठडीच्या दारावरचं घड्याळ

वसईतल्या होळी बाजारात पोलिसांनी एखाद्याला पकडलं, तर जमलेल्या लोकांना गाडी दिसते, खाकी दिसते, फार तर बेड्या दिसतात. त्याच क्षणी सुरू झालेलं घड्याळ मात्र कुणालाच दिसत नाही. २४ तास! साध्या अटकेत, प्रवासाचा वेळ वगळून, एवढ्या वेळात त्या माणसाला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं. राज्यघटनेच्या २२व्या कलमात तसं सरळ लिहिलंय. मुदत उलटली आणि दंडाधिकाऱ्यांचा आदेश हातात नसेल, तर त्याला आत ठेवायचा अधिकार हवालदाराला नाहीच, पण पोलीस आयुक्तांनाही नाही.

हे घड्याळ नेमकं कधी सुरू झालं, हे कळणार कसं? त्यासाठी असतो अटकेचा मेमो. दिसायला अगदी साधा कागद. त्यावर अटकेची तारीख आणि वेळ. खाली साक्षीदाराची सही, घरच्या कुणाची किंवा त्या वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची. आणि आणखी एक सही, खुद्द पकडलेल्या माणसाची! पकडणाऱ्याने लिहायचं आणि पकडलेल्याने ते पडताळायचं. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, जवळच्या माणसाला कळवलं पाहिजे, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरांनी तपासलं पाहिजे. (म्हणूनच ‘अटक नाही हो, नुसतं चौकशीला बोलावलंय’ हे वाक्य कानावर आलं की सावध व्हावं. मेमो नाही, म्हणजे कागदावर घड्याळही नाही.)

एवढा बारकाईने विचार कोणत्या मंत्रालयात झाला असेल? कुठल्याच नाही. कोलकात्यात मोफत कायदेशीर मदतीचं काम करणाऱ्या दिलीपकुमार बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचल्या आणि १९८६मध्ये थेट सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि डिसेंबर १९९६मध्ये ११ निर्देश दिले. आधार कशाचा? मुख्यतः घटनेच्या २१व्या कलमाचा, म्हणजे जीविताचं आणि स्वातंत्र्याचं रक्षण करणाऱ्या एका वाक्याचा. डॉक्टरांच्या तपासणीपासून नावाच्या पट्टीपर्यंत सगळं त्या एका वाक्यातून निघालं.

त्याच्याही आधी मुंबईतून एक पत्र गेलं होतं. पत्रकार शीला बर्से मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात महिला कैद्यांशी बोलल्या, तेव्हा काहींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बर्सेंनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. १९८३च्या निकालाने महिलांसाठी वेगळ्या कोठड्या आणि चौकशीच्या वेळी महिला पोलिसांची हजेरी सक्तीची केली. शिवाय दंडाधिकाऱ्यांना सांगितलं, की समोर आणलेल्या प्रत्येकाला छळाबद्दल विचारा. आज रिमांडच्या वेळी घाईघाईत का होईना, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ असं विचारलं जातं, त्यामागे एका बातमीदार बाईंचं पत्र आहे.

आता रोजच्या पेपरातलं एक वाक्य घ्या: ‘आरोपीने पोलिसांपुढे गुन्ह्याची कबुली दिली.’ वाचणाऱ्याला वाटतं, संपला खटला! प्रत्यक्षात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून त्या कबुलीची किंमत शून्य. मारून मुटकून काढलेली असो वा राजीखुशीने दिलेली. आणि हे ठरवलं कुणी? ब्रिटिशांनी, १८७२च्या पुरावा कायद्यात. ज्या पोलिसांच्या बळावर राज्य करायचं, त्यांच्यासमोर दिलेल्या कबुलीवर विश्वास ठेवायची त्यांचीच तयारी नव्हती! कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरतं बोलणं चालतं. मोक्का लावला, तर अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली अटींसह चालते. एरवी २०२४पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही हा नियम तसाच आहे.

मग एवढा बंदोबस्त असताना पालघरचं प्रकरण घडलंच कसं? नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदवर फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने ‘लाइक’ केलं आणि दोघींना अटक झाली. लाइकबद्दल अटक! त्यांच्यावर लावलं होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ‘६६अ’. संगणकावरून वा मोबाइलवरून घोर आक्षेपार्ह काही पाठवलं, की तीन वर्षांपर्यंत तुरुंग. पण आक्षेपार्ह म्हणजे काय? ते कायद्यात कुठेच नव्हतं. म्हणजे ते ठरवणार ठाण्यातला अंमलदार. घड्याळ, मेमो, साक्षीदार हे सगळं अटक कशी करायची ते सांगतं. गुन्ह्याची व्याख्याच धूसर असेल, तर त्यांचा काय उपयोग?

दोघी जामिनावर सुटल्या, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, पुढे गुन्हाही मागे पडला. खरी करामत दिल्लीत झाली. ही बातमी वाचून अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ६६अ अख्खंच्या अख्खं रद्द केलं. पालघरच्या चार ओळींतून सुरू झालेल्या वादात देशाचं एक कलम गेलं!

गेलं खरं, पण ठाण्यांपर्यंत खबर पोचायला हवी ना? रद्द झालेल्या कलमाखाली त्यानंतरही वर्षानुवर्षं गुन्हे नोंदले जात राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२मध्ये सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाला वेगळा आदेश काढावा लागला: ६६अ खाली कुणावरही खटला चालवू नका, पोलीस प्रमुखांनी आपापल्या दलाला तशी ताकीद द्यावी, आणि यापुढे कायद्याच्या ज्या पुस्तकात हे कलम छापलं जाईल, तिथे ते घटनाबाह्य ठरल्याचं वाचकाला सांगितलंच पाहिजे.