मसूर, मासे आणि मन

नैराश्यात जेवणाचा उपयोग होतो का? ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या प्रा. फेलिस जॅका यांनी हे थेट रुग्णांवर तपासलं! २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ६७ जण होते. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने कडधान्यं, भाज्या, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह तेल खायला शिकवलं. बाकीच्यांशी कुणीतरी येऊन मनमोकळ्या गप्पा मारायचं, पत्ते खेळायचं. १२ आठवड्यांनी आहारगटातले सुमारे ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटातले ८ टक्के. प्रयोग लहान, पण मला फार मोलाचा वाटतो.

यात आतड्याचा संबंध काय? मसुरातला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट तयार होतं, तेच आतड्याच्या अस्तराचं इंधन. मेंदूपर्यंतचा पुढचा रस्ता शोधणं अजून चालू आहे. आणि हो, अनेकांचे औषधोपचार प्रयोगातही सुरूच होते, आपल्या गोळ्या परस्पर बंद करू नका.