कराटे-ज्युडोत वाकून नमस्कार करतात, ती पूजा असते का?

मूल पहिल्यांदा कराटेच्या क्लासला जातं. घरी येऊन सांगतं, आत शिरताना दारात वाकायचं, सरांना वाकायचं, समोरच्या भिंतीवर एका म्हाताऱ्या जपानी माणसाचा फोटो आहे, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून वाकायचं आणि मग जोरात "ओस!" म्हणायचं.

बहुतेक घरांत याचं कौतुकच होतं. पण एका ईश्वराशिवाय कुणापुढे डोकं झुकवायचं नाही अशी शिकवण असलेल्या काही मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांत प्रश्न पडतो. फोटो कुणाचा आहे? ही पूजा तर नाही? मग ग्रुपवर विचारलं की दोन टोकांची उत्तरं येतात. एक म्हणतो हा धर्मप्रचार आहे, दुसरा म्हणतो नुसता व्यायाम आहे हो, काय डोक्यात घेऊन बसलात.

दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत.

आधी सोपा भाग. या वाकण्याला जपानी भाषेत 'रेई' म्हणतात. जपानमध्ये दुकानदार गिऱ्हाईकापुढे वाकतो, कर्मचारी साहेबापुढे वाकतो, फोनवर बोलतानाही माणसं नकळत वाकतात. आपल्याकडे 'राम राम' म्हणताना कुणी रामाची पूजा करत नसतं, तसंच हे. ज्युडोच्या स्पर्धेत तर उभ्याने वाकताना कंबरेतून 30 अंश वाकायचं, असं ठरलेलं आहे. "तुझ्याशी नियमाने लढेन, तुला मुद्दाम इजा करणार नाही," एवढाच त्याचा अर्थ. 'ओस' हासुद्धा मंत्र नाही, जपानी तरुणांच्या बोलीतला तो होकार आणि नमस्कार आहे.

कुंग फू आणि वुशूमध्ये उजव्या मुठीला डावा तळवा लावतात, तेही असंच. चीनमध्ये नववर्षाच्या शुभेच्छा देतानाही लोक अशाच प्रकारे हात जुळवतात.

मग शंका येते कुठून? तर ती सगळी हवेतून आलेली नाही.

'डोजो' हा शब्दच बघा. संस्कृत 'बोधिमंड' या शब्दासाठी चिनी बौद्धांनी जो शब्द वापरला, त्याचा जपानी उच्चार म्हणजे डोजो. बोधिमंड म्हणजे बुद्धाला ज्ञान झालं ती जागा. म्हणजे कॉलनीतल्या कराटे क्लासच्या पाटीवरचा हा शब्द फिरत फिरत थेट बोधगयेला पोहोचतो. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युडोची शाळा सुरू केली तीही टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात. अर्थात कारण धार्मिक नव्हतं, शिकवायला जागा तिथे मिळाली होती.

पुढे जपानमधल्या अनेक डोजोंत समोरच्या भिंतीवर 'कामिदाना' म्हणजे शिंतो देव्हारा असायचा. आजही काही ठिकाणी असतो. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा तर ओमोतो नावाच्या शिंतो पंथाचे अनुयायी होते आणि काही आयकिडो डोजोंमध्ये देवळात वाजवतात तशा टाळ्या वाजवूनच सराव सुरू होतो. अशा ठिकाणी 'हा फक्त शिष्टाचार आहे' असं म्हणणं जरा धाडसाचं होईल.

म्हणून खरा प्रश्न वाकायचं की नाही, हा नाही. कशासमोर वाकतोय, हा आहे. समोर प्रतिस्पर्धी असेल तर गोष्ट वेगळी, संस्थापकाचा फोटो असेल तर वेगळी आणि देव्हारा असेल तर आणखी वेगळी.

'हा धर्म नाही, शिष्टाचार आहे' हे वाक्य आशियात एकदा फार वाईट पद्धतीने वापरलं गेलंय. कोरियावर जपानचं राज्य होतं तेव्हा 1930 च्या दशकात लोकांना शिंतो मंदिरांपुढे वाकायची सक्ती झाली. सरकारचं म्हणणं होतं की हा धर्म नाही, नागरिकाचं कर्तव्य आहे. 1938 मध्ये तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या महासभेने दबावाखाली हे मान्यही केलं. जु की-चोल या पाद्रींनी मात्र नकार दिला आणि 1944 मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. ही गोष्ट माहीत असलेल्या माणसाला वाकण्याबद्दल प्रश्न पडला, तर त्याला कट्टर म्हणून उडवून लावणं बरं नाही.

जपान युद्ध हरल्यावर डिसेंबर 1945 मध्ये दोस्तांच्या प्रशासनाने शिंतो धर्म आणि सरकार यांची फारकत करणारा आदेश काढला. शाळांमधले देव्हारे तेव्हाच उतरले.

हा वाद कोर्टातही गेलाय. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या काही तरुण ज्युडोपटूंचं म्हणणं होतं की लढण्यापूर्वीचं सक्तीचं वाकणं त्यांच्या श्रद्धेविरुद्ध आहे. 2002 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. वाकण्याचा नियम सगळ्यांना सारखाच लागू आहे, त्यात धर्मावरून भेदभाव होत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

आता दुसरी बाजू. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्बियाचा माजी जगज्जेता नेमान्या माय्दोव याने मॅटवर उतरताना छातीवर क्रॉसची खूण केली. आंतरराष्ट्रीय ज्युडो महासंघाच्या नियमांत मॅटवर धार्मिक खुणा चालत नाहीत. आपल्यावर पाच महिन्यांची बंदी आल्याचं माय्दोवनेच पुढे जाहीर केलं. म्हणजे एकाच मॅटवर वाकणं सक्तीचं आणि क्रॉस काढायला बंदी. महासंघाच्या नजरेत यात विसंगती नाही, कारण त्यांच्या लेखी पहिला शिष्टाचार आहे आणि दुसरा धर्म. पण कशाला शिष्टाचार म्हणायचं आणि कशाला धर्म, हे नियम लिहिणारा ठरवतो, एवढं तर दिसतंच.

हे समजायला जपानला जायचीही गरज नाही. आपल्याकडच्या तालमीत मारुतीची तसबीर असते. पैलवान आखाड्यात उतरताना लाल मातीला हात लावून तो कपाळाला लावतो, सलामी होते, मग शड्डू. आणि कोल्हापूरच्या खासबागेत मुसलमान मल्लही पिढ्यानपिढ्या कुस्त्या मारत आलेत. तीच माती कुणासाठी देव असते, कुणासाठी वस्तादांनी लावलेली शिस्त. तालमीत कुणी त्याचा खुलासा मागत बसत नाही.

मूल क्लासला घालताना अडचण वाटत असेल, तर सरळ शिक्षकांनाच विचारावं. फोटो कुणाचा आहे, देव्हारा आहे का, जोडीदाराला वाकून समोरच्या भिंतीच्या वेळी नुसतं शांत उभं राहिलं तर चालेल का? ज्याला आपली कला नीट माहीत आहे, त्या शिक्षकाला हे प्रश्न नवीन नसतात.

खुद्द जपानमध्येही असा पेच आलाय. कोबेच्या सरकारी तांत्रिक महाविद्यालयात केंडो म्हणजे जपानी तलवारबाजीचा सराव सक्तीचा होता. यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या एका विद्यार्थ्याने लढाऊ कला शिकणं आपल्या धर्मात बसत नाही म्हणून नकार दिला. तो शारीरिक शिक्षणात नापास झाला आणि पुढे कॉलेजमधूनही काढला गेला. 8 मार्च 1996 ला जपानच्या सुप्रीम कोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला. केंडोऐवजी त्याला दुसरं काही करू देता येईल का, याचा कॉलेजने नीट विचारच केला नव्हता, असं कोर्टाने म्हटलं.