आधी शटर उघड

भारतातून आईबाबा आले की आपल्या घरांतले कार्यक्रम ठरलेले असतात. एका सुट्टीला बुर्ज खलिफा, दुसऱ्या सुट्टीला ग्लोबल व्हिलेज, मग अबू धाबीची मोठी मशीद आणि वेळ उरलाच तर मिरॅकल गार्डन. फोटो गावाकडच्या ग्रुपवर जातात आणि आपल्यालाही कर्तव्य केल्यासारखं वाटतं. पण मधल्या वारी आपण ऑफिसात नि मुलं शाळेत असताना ही माणसं दिवसभर काय करतात, हे आपण फारसं विचारत नाही.

गेल्या डिसेंबरात माझे वडील, अण्णा, दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर शारजाला आमच्याकडे आले. आई गेल्यानंतरची ती पहिलीच थंडी. पलूसच्या घरात ते एकटे राहायला नकोत म्हणून दादानं आणि मी आग्रह करून त्यांना बोलावलं होतं. सकाळी चहा झाला की अण्णा बाल्कनीत खुर्ची टाकून बसत आणि खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बघत. एखादी गाडी सुरू झाली की म्हणत, "हिचा बेल्ट वाजतोय." एवढंच काय ते बोलणं.

अण्णांचं पलूसला वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि वेल्डिंगचा सेट. शेजारीच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथल्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून आमच्या भागात लोखंडाचं वेड आहे. विहिरीवरच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करणं हा अण्णांचा मुख्य धंदा. शिवाय पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवून घ्यायला लोक त्यांच्याकडे येत. गुडघे गेल्यावर त्यांनी लेथ विकला. त्या दिवशी ते जेवले नव्हते, हे आईनं मला नंतर सांगितलं होतं.

दादा कॅनडात एडमंटनला असतो. त्याचा आणि अण्णांचा फोन म्हणजे दोन मिनिटांचा मामला. "जेवलात का? गोळ्या घेतल्या का? थंडी आहे का?" आणि मग फोन माझ्या हातात.

एका शनिवारी आम्ही अण्णांना मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये घेऊन गेलो. तिथलं स्की दुबई २००५ पासून आहे. काचेच्या अलीकडे आपण कॉफी पितो आणि पलीकडे बर्फाच्या उतारावर माणसं घसरत असतात. माझा नऊ वर्षांचा मुलगा पेंग्विनच्या गप्पा सांगत होता. अण्णांना पेंग्विनशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, "एवढा बर्फ सपाट कशानं करतात?"

त्या संध्याकाळी मुलानं हाच प्रश्न मामाला विचारला. दादा म्हणाला, "पट्ट्यावर चालणारी मशीन असतात, रणगाड्यासारखी. थांब, माझ्याकडे त्याचं धाकटं भावंडं आहे." त्यानं फोन उचलून गॅरेजमध्ये नेला. तिथे एक जुनी स्नोमोबिल उभी होती. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, मध्ये मोटरसायकलसारखी सीट. इंजिनाच्या जागी मात्र मोकळा खड्डा. तिचं मूळचं दोन स्ट्रोकचं इंजिन जाम झालं होतं, पिस्टन सिलिंडरला चिकटला होता आणि त्या मॉडेलचे पार्ट आता मिळत नव्हते. म्हणून दादानं व्ही आकारात दोन सिलिंडर असलेलं, ६७० सीसीचं चार स्ट्रोकचं इंजिन विकत आणलं होतं. जनरेटरवर किंवा गवत कापायच्या मोठ्या यंत्रावर असतं तसलं. ते घरीच बसवायचा त्याचा बेत होता.

अण्णा खुर्चीतून पुढे सरकले. "जुनं काढायच्या आधी मापं घेतलीस का?"

दादानं घेतली नव्हती.

इथे थोडं यंत्र समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. स्नोमोबिलला गिअर टाकावे लागत नाहीत. आपल्या ॲक्टिव्हात असते तशीच व्यवस्था असते. एक पुली इंजिनाच्या शाफ्टवर, दुसरी मागचा पट्टा फिरवणाऱ्या बाजूला आणि दोन्हींवर एक रबरी बेल्ट. इंजिन जोरात फिरलं की पहिल्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात, बेल्टला चिमटीत धरतात आणि गाडी हलते. त्यामुळे या दोन शाफ्टमधलं अंतर आणि दोन पुल्यांची एकमेकींशी रेषा, यांत थोडा फरक पडला तरी बेल्ट टिकत नाही.

"जुनं इंजिन परत खड्ड्यात ठेव," अण्णा म्हणाले. "मेलेलं असलं तरी माप सांगेल."

जुनं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात पडलं होतं. ते एकट्यानं उचलून परत ठेवायचं दादाच्या जिवावर आलं असावं. तो म्हणाला, "अण्णा, हे जीपसारखं नाही. इथलं सगळं वेगळं असतं."

"बरं," अण्णा म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

पुढचे दोन आठवडे पुन्हा "जेवलात का?" एवढंच. मला दोघांचाही राग आला होता. मी सांगलीला सात वर्षं इतिहास शिकवलाय. वर्गात दोन पोरं रुसली की त्यांना एकाच बाकावर बसवायचे, इथे बाक दोन खंडांत होता.

मग मी मला येतं ते केलं. स्नोमोबिलचा इतिहास शोधला आणि जेवताना मुलाला, म्हणजे खरं तर अण्णांना, सांगितला. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात व्हालकूर नावाचं गाव आहे. तिथल्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए या १५ वर्षांच्या मुलाला वडिलांनी फोर्ड मॉडेल टीचं एक नादुरुस्त इंजिन दिलं. त्यानं ते दुरुस्त करून घसरगाडीवर चढवलं, मागे विमानासारखा पंखा लावला आणि १९२२ च्या शेवटच्या दिवशी गावातून गाडी पळवली. म्हणजे या वाहनाची सुरुवातच मुळी दुसऱ्या गाडीचं इंजिन घरी बसवण्यातून झाली. वडिलांनी गाडी लगेच मोडायला लावली.

"बापाचं बरोबर होतं," अण्णा म्हणाले. "उघडा पंखा. कुणाचा हात गेला असता म्हणजे?"

पुढचं सांगताना माझाच आवाज बदलला. १९३४ च्या हिवाळ्यात या बॉम्बार्डिएचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. अपेंडिक्स. रस्ते बर्फानं बंद होते. दवाखान्यात नेता आलं नाही आणि मूल गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीची खटपट बॉम्बार्डिएनं आधीपासूनच चालवली होती. १९३७ साली त्यानं पट्टा आणि दातेरी चाकाच्या रचनेचं पेटंट मिळवलं. त्याच्या सुरुवातीच्या गाड्यांत सात माणसं बसत आणि त्यांतून डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं जात. मौजेची छोटी स्की-डू आली ती १९५९ मध्ये.

अण्णांनी ताट बाजूला केलं. थोड्या वेळानं त्यांना आमच्याकडचे दत्तात्रय लोहार आठवले. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे, तिथले हे कारागीर. त्यांनी दुचाकीचं इंजिन आणि भंगारातले सुटे भाग वापरून छोटी जीप केली होती. खर्च सुमारे ६० हजार रुपये आणि सुरू करायची किक मारून. गंमत म्हणजे स्टिअरिंग आपल्या इथल्यासारखं डावीकडे. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी ती पाहिली. ती नियमांत बसत नाही हे सांगितलं, पण कौतुक करून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारीत दिलीही. "लोहाराचा हात चांगला," अण्णा म्हणाले. "पण गाडी चालणं वेगळं आणि तिच्यावर दुसऱ्याचं पोर बसवणं वेगळं. नियम त्यासाठी असतो."

जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे दादाच्या सकाळी आठला, त्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला. इंजिन बसलं होतं, सुरूही झालं होतं, पण नवा बेल्ट दहा मिनिटांत फाटला होता.

"मी सांगितलं होतं" असं अण्णा म्हणाले नाहीत. "बेल्ट दाखव," म्हणाले. दादानं कॅमेऱ्यासमोर धरला. "एकाच कडेनं खाल्लाय. पुल्या तिरक्या आहेत. आवाज कसा येतो?"

दादानं इंजिन सुरू केलं. आणि बाल्कनीत बसून हळू बोलणारे माझे वडील एकदम ओरडले, "आधी शटर उघड!"

"दोनच मिनिटं, अण्णा. बाहेर उणे पंचवीस आहे."

"बंद कर ते! शटर उघड, मग बोल!"

दादानं इंजिन बंद केलं, गॅरेजचं दार वर केलं. पांढरा उजेड आत आला. तो हात काखेत घालून कुडकुडत उभा राहिला. मग अण्णांनी जे सांगितलं ते आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं.

१९७२ चा दुष्काळ. अण्णा तेव्हा १६ वर्षांचे, एका मिस्त्रींच्या हाताखाली शिकत होते. विहिरींचं पाणी खाली गेलं होतं, वरून पंप ओढेना, म्हणून लोक इंजिनच विहिरीत खाली उतरवत. मिस्त्री चालू इंजिनाला तेल घालायला खाली गेले. अण्णा काठावर दोर धरून. हाक मारली तर ओ आली नाही. धूर जड होऊन तळाशी साचला होता. लोकांनी अण्णांना खाली उतरू दिलं नाही. "वास येतो, डोळे झोंबतात, तोवर माणूस सावध होतो," अण्णा म्हणाले. "तुझ्या इंजिनाचा तर धूरपण दिसत नाही. त्याला वासपण नाही. डोकं दुखायला लागलं म्हणजे उशीर झाला."

पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला खरोखरच वास नसतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं. अण्णा ते दोर धरून शिकले होते.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, काल रात्री माझं डोकं दुखत होतं."

त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत दर शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्कशॉप भरलं. दादानं जुनं इंजिन खड्ड्यात परत ठेवलं आणि अण्णांच्या सांगण्यावरून मापं घेतली. मी ती वहीत उतरवली. अण्णा म्हणाले पुल्या दोऱ्यात घे. दादा म्हणाला, मॅन्युअलमध्ये एक पुली काही मिलिमीटर बाहेर ठेवायला सांगितलीय. अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, "पुस्तकात असेल तर पुस्तकाचं ऐक." दादानं माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य आम्ही दोघांनी पहिल्यांदाच ऐकत होतो.

बेल्ट टिकला, तरी गाडी हलेना. इंजिन नुसतंच गुरगुरे. मूळचं इंजिन जवळपास दुप्पट वेगानं फिरायचं, त्यामुळे जुन्या क्लचची स्प्रिंग कडक होती. नव्या इंजिनाचा गव्हर्नर मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास लगाम घालतो. तेवढ्या वेगावर वजनं ती स्प्रिंग दाबू शकत नव्हती. स्प्रिंग मऊ आणि वजनं जड घेतल्यावर गाडीनं पहिला हिसका दिला. अण्णांनी आणखी दोन गोष्टी वदवून घेतल्या. क्लचवरचं झाकण लावल्याशिवाय चालवायचं नाही, कारण तुटलेल्या बेल्टचा तुकडा दगडासारखा सुटतो. आणि पडलं की इंजिन आपोआप बंद करणारी दोरी अंगाला बांधल्याशिवाय सीटवर बसायचं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अण्णा परत गेले. आठ दिवसांनी दादाचा व्हिडिओ आला. मित्राच्या शेतावर पांढऱ्याशुभ्र बर्फात स्नोमोबिल चालली होती. फार वेगात नाही, पण चालली होती. व्हिडिओची सुरुवात मात्र गॅरेजपासून होती. इंजिन सुरू करण्याआधी दादानं कॅमेरा वळवून दार दाखवलं होतं. उघडं.

अजूनही शनिवारी फोन होतो. "जेवलात का?" हे दादा आता शेवटी विचारतो.

अण्णा या डिसेंबरात पुन्हा येताहेत. मुलानं त्यांच्यासाठी यादी केलीय. बुर्ज खलिफा तिच्यात नाही. पहिल्या नंबरवर आहेत शारजाच्या औद्योगिक भागातली जुन्या स्पेअर पार्टची दुकानं, आणि पुढे कंसात लिहिलंय, "पूर्ण दिवस".