द्राक्षमळ्यातील उमेदवारी आणि विद्यावेतनाचा प्रश्न

नाशिक जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांचा खुडा साधारणपणे जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत चालतो, आणि हा व्यवसाय शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला जे काही पाहावयाचे, हाताळावयाचे आणि अंगवळणी पाडून घ्यावयाचे असते, त्याचा बहुतेक भाग या दोन-तीन महिन्यांतच त्याच्यासमोरून निघून जातो. जो तेव्हा मळ्यात आणि वायनरीत हजर नसेल, त्याला पुढल्या वर्षापर्यंत थांबणे भाग असते. म्हणूनच कृषी, अन्नतंत्र किंवा पर्यटन या शाखांतील विद्यार्थ्यांच्या उमेदवारीचा विचार करताना पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की, त्या काळात त्याने राहावे कोठे, जेवावे कोठे आणि जाण्यायेण्याचा खर्च कोणाच्या खिशातून करावा? या प्रश्नाचे उत्तर ज्या शिष्यवृत्तीत नाही, ती कागदावर कितीही शोभिवंत असली तरी गरजू मुलाच्या कामाची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात वाइनचा धंदा जुना नव्हे. 1980 नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगावी श्यामराव चौगुले यांनी फेसाळ वाइन तयार करून ती परदेशात नेली, त्या काळी पुष्कळांना ते धाडस वाटले होते. पुढे राजीव समंत यांनी नाशिकजवळ 1997 साली वाइनच्या वाणांची लागवड केली आणि 2000 साली त्यांच्या सुला या वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. 2001 साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण जाहीर करून नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्यानांची तजवीज केली. संशोधनाच्या बाजूने पाहता, पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून कार्यरत आहे. सारांश, मळे आहेत, कारखाने आहेत, प्रयोगशाळा आहे. यांच्यामध्ये विद्यार्थ्याला सुखरूप वावरू देणारी आर्थिक व्यवस्था तेवढी विस्कळीत आहे.

वायनरीतील उमेदवारी म्हणजे पाहुण्यासारखे फेरफटका मारणे नव्हे, हे येथे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. खुडा शक्यतो पहाटेच्या थंडाव्यात उरकतात, कारण ऊन चढले की घड तापतात आणि क्रेटमध्ये भरल्यावर नको तेवढ्या लवकर आंबू लागतात. खुड्याचा दिवस ठरविण्यापूर्वी बागेच्या निरनिराळ्या ओळींतून मणी गोळा करून त्यांच्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवतात व ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण, मोजतात. साखर 22 ते 24 ब्रिक्सच्या आसपास आली, आम्लता योग्य उतरली आणि बी तपकिरी झाले, म्हणजे मगच मजुरांना निरोप जातो. सावली पडणाऱ्या बाजूचे मणी आणि उन्हाकडचे मणी यांच्या आकड्यांत फरक पडतो, म्हणून नमुना घेण्याची शिस्त हीच उमेदवाराची पहिली परीक्षा असते. एक ब्रिक्स साखरेपासून सुमारे अर्धा टक्का, किंबहुना किंचित अधिक, मद्यार्क निर्माण होतो. तेव्हा मळ्यात घेतलेल्या थेंबाचा हिशेब बाटलीवर छापल्या जाणाऱ्या आकड्यापर्यंत पोहोचतो.

पुढे देठ वेगळे काढून द्राक्षे चिरडली जातात. पांढऱ्या वाइनसाठी रस सालींपासून लवकर अलग करून थंड टाक्यांत साधारण 12 ते 18 अंश तपमानावर आंबवितात. तांबड्या वाइनमध्ये मात्र साली रसातच राहतात, आणि किण्वनाने उत्पन्न झालेला वायू त्यांना वर ढकलून पृष्ठभागी जाड थर बनवितो. हा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबला नाही, तर रंग आणि चव तर उतरत नाहीच, उलट वरचा भाग बिघडतो. शिराझ या तांबड्या वाइनच्या वाणाच्या टाकीवर हे काम करणाऱ्या मुलामुलींचे हात जांभळे होतात आणि खांदे भरून येतात. शिवाय एक धोका नव्या माणसाला दिसत नाही: कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तो रिकाम्या केलेल्या टाकीच्या तळाशी आणि बंद खोलीत साचतो, आणि हवा तपासल्याशिवाय आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. म्हणून सुरक्षेचे शिक्षण आणि अपघाताचा विमा या दोन बाबी विद्यावेतनाच्या करारात लेखी असल्याच पाहिजेत. त्या तोंडी आश्वासनावर सोडणे गैर आहे.

कृषी पर्यटनाची उमेदवारी निराळ्या जातीची आहे. बारामतीच्या परिसरात पांडुरंग तावरे यांनी या कल्पनेला चालना दिली, आणि 2020 साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण आल्यावर शेतकऱ्यांच्या केंद्रांना नोंदणीचा मार्ग मोकळा झाला. या धोरणाने वैयक्तिक शेतकऱ्यांबरोबर कृषी महाविद्यालये आणि विद्यापीठे यांनाही केंद्र चालविण्याची मुभा दिली आहे, या तरतुदीकडे शिक्षणसंस्थांनी जेवढे लक्ष द्यावयास हवे होते तेवढे दिले नाही. शनिवारी दुपारी मुंबईचे कुटुंब मळ्यावर उतरते तेव्हा विद्यार्थ्याला एकाच वेळी अनेक गोष्टी सांभाळाव्या लागतात: कोणत्या प्लॉटवर कालच फवारणी झाली आहे आणि तेथे लहान मुलांना का नेता येणार नाही, हे सौम्य शब्दांत समजावणे, चुलीवरच्या भाकऱ्या किती माणसांच्या, हे घरातल्या काकूंना वेळेवर सांगणे, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, नोंदवही आणि पावतीपुस्तक नीट ठेवणे. शेतकऱ्याच्या घरी या कामाचा भार बहुधा स्त्रियांवर पडतो आणि त्यांच्या श्रमाची किंमत पाहुण्यांच्या दरात धरली जात नाही. चांगला उमेदवार हा हिशेब प्रथमच मांडून दाखवितो, आणि त्या घराला त्याचा खरा उपयोग तेथेच होतो.

आता पैशाची बाब. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात जातो, परंतु त्याचे वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्राला बांधलेले असते, खुड्याला नव्हे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली 2019 च्या नियमांनी पदवीधरास दरमहा किमान 9000 आणि पदविकाधारकास 8000 रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. 2024 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांस 6000, आयटीआय वा पदविकाधारकांस 8000 आणि पदवीधरांस 10000 रुपये दरमहा थेट बँक खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. योजना स्वागतार्ह आहे. मात्र ज्याचे शिक्षण अद्याप चालू आहे त्यास तिचा लाभ नाही. म्हणजे शिक्षण संपल्यावर मदत मिळेल, परंतु शिकत असता ज्या हंगामात हात बसवायचा त्या हंगामात नाही. दिंडोरीच्या बागांत खुड्याला येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या मजुराची मुलगी कृषी महाविद्यालयात पोहोचली, तरी वायनरीच्या प्रयोगशाळेतील जागा तिला बिनपगारी देऊ केली असता ती नाकारावीच लागते, कारण त्या दोन-तीन महिन्यांची मजुरी घराला सोडवत नाही. जिच्या आईबापांनी ती द्राक्षे खुडली, तिलाच त्यांचे शास्त्र शिकण्याची सवड न मिळावी, ही गोष्ट मला अत्यंत अन्यायाची वाटते.

या जिल्ह्याला हा प्रश्न अपरिचित नाही. 1914 साली नाशिकमध्ये शेतकऱ्यांच्या मुलांसाठी उदोजी मराठा बोर्डिंग उभे राहिले. तेथे पुस्तकांआधी छत आणि ताट यांची सोय झाली, म्हणून खेड्यांतील मुले शाळेत टिकली. आजच्या शिष्यवृत्त्याही याच क्रमाने आखल्या पाहिजेत: आधी मळ्याजवळ निवास, मग भोजन, मग एसटीचे भाडे, आणि त्यानंतर हातात पडणारी रोख रक्कम. वायनऱ्या, पर्यटन केंद्रे आणि महाविद्यालये यांनी तालुक्याच्या पातळीवर मिळून एखादे हंगामी वसतिगृह चालविले, तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च फारसा येणार नाही.

पालकांच्या मनात आणखी एक शंका असते, तिचा आदराने विचार केला पाहिजे. मुलाने, विशेषतः मुलीने, दारूच्या कारखान्यात काम करावे काय? महाराष्ट्रात वाइन पिण्याची किमान वयोमर्यादा 21 वर्षे आहे, आणि अनेक पदवी विद्यार्थी त्याखालचे असतात. त्यांना चव घेण्याच्या कामापासून दूर ठेवून ब्रिक्स, आम्लता, यीस्ट, टाक्यांची स्वच्छता, पर्यटकांचे स्वागत ही कामे पुरेपूर शिकविता येतात. वयाने पात्र असलेल्यांनाही व्यावसायिक चव घेताना घोट तोंडात फिरवून थुंकून द्यावयास शिकवितात. संस्थेने हे सर्व नियम लेखी स्वरूपात पालकांच्या हाती दिले, तर निम्म्या शंका तेथेच मिटतात.

ज्यांना पुढे परदेशी जावयाचे आहे त्यांच्यासाठी युरोपात तारागोना, बोर्दो आणि पोर्तो येथील विद्यापीठांनी मिळून वाइन पर्यटनाचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाली तर विद्यार्थ्याला प्रवास, व्हिसा, निवास आणि भोजन यांसाठी दरमहा 1400 युरो मिळतात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या योजनेत विद्यार्थ्याच्या राहण्याखाण्याचा खर्च शिक्षणाचाच भाग मानला आहे. स्पर्धा मोठी असते, आणि ज्याच्या अर्जाला नाशिक वा नारायणगावच्या मळ्यातील एका हंगामाचा दाखला जोडलेला असेल, त्याचे पारडे साहजिकच जड होते.

विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे की, अर्ज जानेवारीपर्यंत लांबवू नका. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि खुड्याच्या माणसांची आखणी त्याच सुमारास सुरू होते. तेव्हाच वायनरीला अथवा पर्यटन केंद्राला महाविद्यालयाच्या शिफारसपत्रासह लिहा, आणि उत्तरात पाच बाबी लेखी मागून घ्या: दरमहाची रक्कम, ती जमा होण्याची तारीख, राहण्याची जागा, विमा, आणि हंगामाच्या शेवटी मिळणारा दाखला. त्यांपैकी एकही बाब लिहून देण्यास जो मालक नकार देतो, त्याच्या मळ्यात उमेदवारी पत्करू नये.