पांढरीची साक्ष

भोर-वेल्ह्यांचें नांव काढतांच राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु या किल्ल्यांना धान्य आणि माणसें पुरविणारीं पायथ्याचीं खेडीं किती जुनीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर कागदांत थोडें व जमिनींत पुष्कळ आहे.

जुन्या कागदपत्रांत गांवाचे दोन भाग येतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मातीच्या भिंती ढासळतात, त्यांवर नवें घर उठतें; चुलीची राख, शेण, हाडें, खापरें तेथेंच मुरतात. शतकानुशतकें असें होतां होतां माती फिकट होते व जागा उंचावते. याच पुणें जिल्ह्यांत, शिरूर तालुक्यांतील इनामगांवीं, डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून उत्खनन केलें; तेव्हां अशाच पांढरींतून सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें व धान्याचीं कोठारें निघालीं.

दुसरी साक्ष वीरगळांची. खालच्या चौकटींत लढून पडलेला वीर, मधल्या चौकटींत त्याला स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा त्यांचा क्रम असतो. खालीं गाई कोरल्या असतील, तर तो गोधन राखतांना पडला असें समजावें. रोहिड्याच्या दरवाजावर मराठी व फारसी असे लेख आहेत; सत्ताधीशाला दोन भाषांत लिहवून घेतां आलें. वीरगळावर मात्र बहुधा एकही अक्षर नसतें. ज्याची नोंद कोणत्याही दप्तरांत नाहीं, त्याची ती एकच नोंद होय.

तिसरी साक्ष पाण्याखालीं आहे. वेळवंडी नदीवरील भाटघरचें धरण १९२८ च्या सुमारास पुरें झालें. त्याच्या जलाशयांतील कांबरेश्वराचें देऊळ वर्षाचे बरेच महिने बुडालेलें असतें व भर उन्हाळ्यांत उघडें पडतें. लोक त्यास पांडवकालीन म्हणतात. तो कालनिर्णय नव्हे. ‘स्मरणापलीकडचें’ एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

आतां यंत्रानें एका दिवसांत पांढर सपाट होते. वीरगळ धुण्याचा दगड होतो, किंवा भक्तीनें त्यावर तैलरंग चढतो आणि कोरीवकाम बुजतें. आपणांपैकीं पुष्कळांचें मूळ गांव अशाच एखाद्या खोऱ्यांत आहे. पुढल्या जत्रेस गेलांत, तर देवळामागच्या शिळा पाहा. त्या हलवूं नका. जागा सुटली कीं अर्धी साक्ष गेली. छायाचित्र घ्या, ठिकाण लिहून ठेवा व पुरातत्त्व खात्यास कळवा. गांवाचा इतिहास राखण्यास प्रथम एवढें पुरेसें आहे.