आधी आई पाहा, मग पिल्लू

गोल्डन रिट्रीव्हरचं दोन महिन्यांचं पिल्लू निरखून पाहिलं तरी त्यातून कळतं फार थोडं. डोळे स्वच्छ आहेत, नाक वाहत नाही, जंतांमुळे पोट फुगलेलं नाही, इतकंच. या जातीचे मोठे आजार या वयात डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून घरी गोल्डन आणायचा ठरला की पिल्लाच्या आधी ब्रीडर निवडावा लागतो आणि त्याची पारख होते त्याच्याकडच्या मोठ्या कुत्र्यांवरून.

खुब्याचंच घ्या. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत घट्ट बसायला हवा. 'हिप डिसप्लेशिया' होणाऱ्या पिल्लाचा हा सांधा जन्मतः बहुधा ठीकच असतो. वाढीच्या महिन्यांत तो सैल पडतो, माथा वाटीत हलू लागतो, कूर्चा झिजते आणि ऐन उमेदीत कुत्रा उठताना कण्हू लागतो. यामागे एक नव्हे, अनेक जनुकं आहेत. त्यामुळे लाळेच्या एखाद्या चाचणीतून उत्तर मिळत नाही, एक्स-रेच काढावा लागतो. अमेरिकेतली 'ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अॅनिमल्स' ही संस्था कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय खुब्याचा अंतिम दाखला देत नाही. पिल्लाचा असा दाखला असूच शकत नाही. तो त्याच्या आईचा आणि बापाचा मागायचा. खुब्याबरोबर कोपराचाही, आणि एक्स-रेवर कुत्र्याचा मायक्रोचिप क्रमांक असलेला. आनुवंशिकता हा अर्थात अर्धाच भाग आहे. भराभर वजन वाढवलेल्या पिल्लाचे सांधे जास्त बिघडतात, त्यामुळे 'बघा किती गुबगुबीत' म्हणून दाखवलेलं पिल्लू मला तरी काळजीचं वाटतं.

डोळ्यांची गोष्ट वेगळी. दृष्टिपटल हळूहळू निकामी करणाऱ्या 'पीआरए' या आजाराचे काही प्रकार एकेका जनुकातल्या दोषामुळे होतात आणि त्यांची डीएनए चाचणी उपलब्ध आहे. दोष अप्रभावी असल्यामुळे त्याची एकच प्रत बाळगणारा कुत्रा स्वतः निरोगी राहतो. असे दोन वाहक एकत्र आले, तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. जाणता ब्रीडर वाहक कुत्री मोडीत काढत नाही, तिची जोडी दोषमुक्त नराशी जमवतो. गोल्डनच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे, कारण या जातीचा पायाच अरुंद आहे. स्कॉटलंडमधल्या गिसाकन इथे लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या इस्टेटीवर १८६८ मध्ये 'नूस' आणि 'बेल' यांना झालेल्या पिवळ्या पिल्लांपासून ही जात घडत गेली. सगळेच वाहक बाजूला काढले, तर हा पाया आणखी आक्रसेल.

'पिगमेंटरी युव्हाइटिस' हा डोळ्यांचा दुसरा आजार मात्र मध्यम वयात किंवा त्यानंतर उद्भवतो. पैदाशीच्या कुत्र्यांचे डोळे दरवर्षी तपासून घेणं, एवढाच त्यावर इलाज आहे. कर्करोगाची तर आधी करता येईल अशी चाचणीच नाही आणि गोल्डनमध्ये त्याचं प्रमाण मोठं आहे. अमेरिकेत मॉरिस अॅनिमल फाउंडेशन तीन हजारांहून अधिक गोल्डनचा आयुष्यभर मागोवा घेत आहे, तो मुख्यतः यासाठीच. तोवर ब्रीडरला एक प्रश्न जरूर विचारावा: या पिल्लाचे आजी-आजोबा किती वर्षं जगले आणि कशाने गेले? ज्याला हे माहीत नाही, त्याने आपल्या कुत्र्यांचा माग ठेवलेला नाही.

'केसीआय पेपर आहेत' हे उत्तर पुरेसं नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी वंशावळ सांगते, खुब्यांबद्दल काही सांगत नाही. 'इंग्लिश क्रीम', 'हेवी बोन', 'इम्पोर्ट लाइन' या शब्दांनी किंमत वाढते, आरोग्याची हमी मिळत नाही.

कायदा मात्र उपयोगी आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादी १८ महिन्यांची होईपर्यंत तिची पैदास करता येत नाही आणि लागोपाठच्या दोन हंगामांत तिच्यावर बाळंतपण लादता येत नाही. आठ आठवड्यांच्या अटीमागे ठोस कारण आहे. तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखायला शिकतं. त्यातले पहिले आठवडे आई आणि भावंडांसोबत गेले, की चावा किती जोराचा झाला हे त्याला भावंडांच्या केकाटण्यातून कळतं. लहान मुलांच्या घरी येणाऱ्या कुत्र्याला हे आलंच पाहिजे. म्हणून पिल्लं कुठे वाढतात ते प्रत्यक्ष जाऊन पाहावं. माणसांत, मिक्सरच्या आवाजात, घरातल्या वर्दळीत वाढलेली पिल्लं हवीत. आई समोर यायला हवी आणि ती घाबरट किंवा गुरगुरणारी नको. 'आई गावाला आहे, पिल्लू हायवेवर आणून देतो' असं कुणी म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

चांगला ब्रीडर तुमचीही चौकशी करतो: घरी दिवसभर कोण असतं, उन्हाळ्यात या दाट केसांच्या कुत्र्याला गारवा कुठे मिळेल, फिरवायला कोण नेणार. पिल्लू तयार नसेल, तर तो काही महिने थांबायला सांगतो. आणि पुढे कधी कुत्रा सांभाळणं जमलं नाही, तर तो कुणाला देऊन टाकू नका, माझ्याकडेच परत आणा, असं तो करारात लिहून घेतो.