निर्लेप तवा
निर्लेप तवा : अन्न चिकटू नये म्हणून पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन या बहुवारिकाचा लेप दिलेला, बहुधा ॲल्युमिनियमचा तवा. हे बहुवारिक अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये आढळले. मराठीत ‘निर्लेप’ हे नाव औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील त्याच नावाच्या उत्पादनांमुळे रूढ झाले. नवा तवा सौम्य साबणाने धुवून, पुसून त्यावर तेलाचा हात फिरवितात. उलथने लाकडी वापरतात. घासण्यास काथ्या वा तारेची घासणी वर्ज्य होय. आच मध्यम ठेवतात. प्रखर आचेवर रिकामा तवा लवकर अतितप्त होतो. सुमारे ३५०° से.च्या वर लेपाचे अपघटन होऊन विषारी वायू निघतात. पिंजऱ्यातील पक्ष्यांना ते प्राणघातक ठरतात. त्यामुळे धिरडी, घावन यांस हा तवा सोयीचा असला, तरी कोरड्या, कडक तापलेल्या तव्यावर होणाऱ्या सोलापूरकडील ज्वारीच्या भाकरीस लोखंडी तवाच योग्य होय.